रोज प्रार्थनेला बसून काहीच जाणवत नसेल तर?

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात दोन लहान मुलं, पूर्ण वेळची नोकरी. लग्नाआधीपासून रोज सकाळी पवित्र शास्त्र वाचून प्रार्थनेला बसायची सवय होती, धाकटं झाल्यापासून ती मोडली. आता कधी बसलंच तर मन थाऱ्यावर राहत नाही, पाच मिनिटांत नजर घड्याळाकडे जाते, देव जवळ आहे असं काही जाणवत नाही आणि उठताना उलट अपराधी वाटतं. दिवसभर कामं करता करता मनातल्या मनात देवाशी बोलणं चालूच असतं, तेवढं पुरत नाही का? आणि आपलं तारण कृपेने झालं आहे, तर ठरलेल्या वेळेचा एवढा आग्रह म्हणजे पुन्हा नियमशास्त्राच्या जोखडाखाली मान देणं नाही का?

ताई, मी ३१ वर्षं पाळक म्हणून काम करतो आहे. हा प्रश्न लोक सहसा समोर बसून विचारत नाहीत. दुसऱ्याच कशासाठी तरी येतात, बोलणं संपतं, आणि चपला पायात सरकवता सरकवता आवाज खाली आणून विचारतात, "पास्टर, तुमचं मन लागतं का हो रोज प्रार्थनेत?" मी खरं ते सांगतो. रोज नाही लागत. आठवड्यातून दोन-तीन दिवस लागलं तर तो आठवडा चांगला गेला म्हणायचा. तरीही मी रोज बसतो, आणि का बसतो ते सांगण्यासाठीच हे लांबलचक उत्तर.

तुमची शेवटची शंका आधी घेतो, ती लवकर मिटते. रोजच्या प्रार्थनेने तारण मिळत नाही, आणि प्रार्थना चुकली म्हणून ते हातचं जातही नाही. देव हजेरीपट उघडून बसलेला नाही. येशूच्या दाखल्यातला परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारा माणूस, आठवड्यातून दोनदा उपास करायचा, सगळ्या मिळकतीचा दशमांश द्यायचा, आणि हे सगळं देवालाच ऐकवायचा. नीतिमान ठरून घरी गेला तो लोकांनी पापी म्हणून हिणवलेला जकातदार. पण हेही बघा, तो जकातदारसुद्धा प्रार्थनेसाठी मंदिरात आला होता. दोघेही आले होते. येशूने येण्याला नावं ठेवली नाहीत, आलेल्याचं भांडवल करण्याला ठेवली. बाळाला तुम्ही वेळच्या वेळी पाजता, त्याला कोणी कर्मकांड म्हणत नाही. वेळ ठरवणं वेगळं आणि ठरवलेली वेळ पाळली म्हणून देवाकडे हिशेब मागणं वेगळं.

आता दिवसभर मनातल्या मनात बोलण्याबद्दल. याला मी कमी लेखणार नाही. 'निरंतर प्रार्थना करा' असं पौलाने थेस्सलनीकाकरांना लिहिलं, आणि त्या लोकांनाही हातातली कामं होतीच. शास्त्रातलं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण नहेम्याचं आहे. तो राजाचा प्यालेबरदार. राजा विचारतो, तुला काय पाहिजे? आणि प्रश्न व उत्तर यांच्या मधल्या त्या क्षणभरात नहेम्या स्वर्गातल्या देवाची प्रार्थना करतो. ना गुडघे टेकले, ना डोळे मिटले. प्याला बहुधा अजून जवळपासच असेल. ऑफिसात साहेबाच्या टेबलासमोर उभं राहून तुम्ही जी प्रार्थना करता ती हीच.

पण या प्रसंगाच्या आधीचा अध्याय लोक वाचत नाहीत. यरुशलेमेचा कोट पडला आहे ही बातमी नहेम्याला किसलेव महिन्यात कळली. राजासमोर तो उभा राहिला निसान महिन्यात. मध्ये चार महिने गेले, आणि त्या काळात तो उपास करत होता, रात्रंदिवस प्रार्थना करत होता. त्याची एक प्रार्थना पहिल्या अध्यायात शब्दशः दिलेली आहे. तिच्यात पापकबुली आहे, देवाच्या वचनाची देवालाच करून दिलेली आठवण आहे, आणि शेवटी 'या मनुष्याची माझ्यावर कृपादृष्टी होऊ दे' अशी मागणी आहे. राजासमोरची ती क्षणभराची प्रार्थना या चार महिन्यांच्या बळावर उभी होती. काय मागायचं ते आधीच घोळून घोळून स्पष्ट झालं होतं, म्हणून एका श्वासात मागता आलं.

दुसरा दाखला नेहमी दिला जातो तो ब्रदर लॉरेन्स यांचा. पॅरिसच्या कार्मेलाइट मठात ते स्वयंपाकघरात राबायचे, आणि भांड्यांच्या खडखडाटातही आपण देवाच्या सान्निध्यात असतो असं म्हणायचे. ते वारले १६९१ मध्ये; पण आजही 'मला वेगळी वेळ लागत नाही' असं म्हणणारा प्रत्येक जण त्यांचं नाव घेतो. फक्त ते मठात राहत होते हे सांगायचं विसरतो. त्या मठात दिवसाच्या ठरलेल्या घटका सामुदायिक प्रार्थनेच्या होत्या. अशा चाकोरीत बरीच वर्षं काढलेल्या माणसाला भांडी घासताना देव भेटतो, यात नवल नाही. चाकोरी वगळून नुसती भांडी उचलली तर आपल्या हाती बहुतेक भांडीच राहतात.

माझा अनुभवही हाच. ठरलेली वेळ सुटली की मनातलं बोलणं पहिले काही महिने चालू राहतं, जुन्या शिदोरीवर. मग ते हळूहळू आकसतं आणि त्यात फक्त तीन वाक्यं उरतात: 'देवा, वाचव', 'देवा, लवकर होऊ दे' आणि 'देवा, हा माणूस!'

ठरलेल्या वेळांची प्रथा फार जुनी आहे. दानीएल दिवसातून तीनदा, यरुशलेमेच्या दिशेच्या खिडक्या उघड्या ठेवून गुडघे टेकायचा. राजाशिवाय कोणाची प्रार्थना करायची नाही, केली तर सिंहांच्या गुहेत टाकायचं, असं ३० दिवसांचं फर्मान निघालं, तेव्हा त्याने घरी जाऊन जे केलं ते शास्त्र अगदी साधेपणाने सांगतं: पूर्वी करत असे तसंच केलं. सिंहांची गुहा समोर दिसल्यावर त्याने नवीन काही सुरू केलं नाही. प्रेषितांनंतरच्या सुरुवातीच्या पिढ्यांतल्या 'दिदाखे' या छोट्या पुस्तिकेत विश्वासणाऱ्यांना प्रभूची प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणायला सांगितलं आहे. सहाव्या शतकात बेनेडिक्ट यांनी मठांसाठी नियम घालून दिले. त्यात दिवसाच्या सात आणि रात्रीची एक अशा उपासना आहेत, आणि १५० स्तोत्रं दर आठवड्याला पुरी व्हायची. ते लिहितात, आपले पूर्वज हे एका दिवसात करायचे, आपण कोमट माणसं निदान आठवड्यात तरी करू. पुढे इंग्लंडमध्ये आर्चबिशप क्रॅन्मर यांनी १५४९ च्या प्रार्थनापुस्तकात सामान्य माणसासाठी सकाळ आणि संध्याकाळ एवढ्या दोनच वेळा ठेवल्या आणि स्तोत्रसंहिता महिनाभरावर पसरली. एक दिवस, मग आठवडा, मग महिना. माणसाच्या ताकदीकडे बघून माप कमी केलं, पण शून्य कोणी केलं नाही. तुमच्या घरातल्या या दिवसांचं माप दहा मिनिटं असेल तर ते दहाच असू द्या. मागच्या दहा वर्षांतल्या तुमच्याशी, किंवा कोणा मोठ्या संताशी, त्याची तुलना करत बसू नका.

या सगळ्याचा उपयोग काय, यावर बरंच गोड गोड लिहिलं जातं. मन शांत होतं, दिवस चांगला जातो, वगैरे. कधी होतं, कधी नाही. मला विचाराल तर प्रार्थनेचा सगळ्यात ठळक उपयोग मार्कच्या पहिल्या अध्यायात दिसतो. कफर्णहूमात आदल्या संध्याकाळी सगळं गाव दाराशी लोटलेलं. येशूने पुष्कळांना बरं केलं. पहाटे अंधार असतानाच तो उठून एकांतात गेला आणि प्रार्थना करत बसला. इथपर्यंत सगळे वाचतात, आणि 'पाहा, प्रभूसुद्धा पहाटे उठायचा' असं बोधवाक्य काढून मोकळे होतात. पुढे काय होतं? शिमोन आणि सोबती त्याला शोधत येतात आणि म्हणतात, सगळे तुम्हाला शोधताहेत. मागणी खरी होती. रोगी खरे होते. येशू म्हणतो, चला, आपण दुसऱ्या गावांत जाऊ, तिथेही मला संदेश द्यायचा आहे, मी त्यासाठीच निघालो आहे.

त्या पहाटेच्या प्रार्थनेतून बाहेर आला तो नकार. आपण कशासाठी निघालो आहोत हे ज्याला पहाटे पक्कं कळलं, त्यालाच सकाळी दाराशी उभ्या असलेल्या गर्दीला 'नाही' म्हणता आलं. तुमच्यासारख्या बाईला हे मुद्दाम सांगतो, कारण घर, ऑफिस आणि मंडळी तिघंही तुम्हाला शोधत असणार, आणि तिघांचीही गरज खरी असणार. जी प्रार्थनेला बसत नाही ती बहुतेक वेळा सगळ्यांना 'हो' म्हणते आणि मग सगळ्यांवर चिडते. हे मी माझ्या बायकोबद्दल बोलत नाही. स्वतःबद्दल बोलतो आहे.

माझी गोष्ट सांगतो. सेवेच्या सातव्या-आठव्या वर्षी माझी एकांतातली प्रार्थना पूर्ण बंद पडली होती आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. कारण मी रोज तीन-चार तास शास्त्र वाचत होतो. हातात पेन्सिल, शेजारी टीकाग्रंथ. पण वचन वाचताना डोळ्यांपुढे सतत उपासनेतली बाकं असायची: हे अमक्याला नेमकं लागू पडेल, हा मुद्दा तमक्या बाकाकडे बघून मांडायचा. वचन माझ्या हातून जात होतं, माझ्यात उतरत नव्हतं. एकदा मंडळीतल्या एका घरी तरुण मुलगा गेला. मी गेलो, आईच्या शेजारी बसलो आणि प्रार्थना केली. वाक्यं सुरेख आली. इतकी सुरेख की परत निघताना एक वडीलधारे म्हणाले, "पास्टर, आज फार छान प्रार्थना झाली." ते शब्द कानांत तापलेल्या सळईसारखे गेले. त्या आईचा हात मी धरला होता की नाही हेही मला आठवेना. मी प्रार्थना म्हटली होती, केली नव्हती. देवाला उद्देशून, कोणी ऐकत नसताना, शेवटचं वाक्य आपण कधी उच्चारलं, हे मी घरापर्यंत आठवत गेलो. आठवलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी दहा मिनिटांनी सुरुवात केली, आणि एक अट घातली: या वेळेत जे वाचायचं त्यावर येत्या रविवारी बोलायचं नाही. आजही ती अट पाळतो. तुम्ही रविवार शाळेत शिकवत असाल किंवा भगिनी मंडळाची जबाबदारी घेत असाल तर तुम्हीही पाळा.

आता मन भटकण्याबद्दल. १५३५ मध्ये मार्टिन ल्यूथर यांच्या न्हाव्याने, पेटर त्याचं नाव, त्यांना विचारलं की प्रार्थना करायची तरी कशी. ल्यूथर यांनी त्याच्यासाठी एक लांब पत्रच लिहून काढलं. त्यात ते त्याला त्याच्याच धंद्यातलं उदाहरण देतात: चांगला न्हावी आपलं लक्ष वस्तऱ्यावर आणि केसांवर ठेवतो, कुठवर आलो ते विसरत नाही. तो गप्पा मारत इकडेतिकडे बघू लागला तर गिऱ्हाईकाचं नाक कापेल, नाहीतर गळाच. मला यात आवडतं ते हे, की मन स्थिर ठेवणं ही ल्यूथर कारागिराची गोष्ट मानतात. हात सरावाने बसतो, तसं मनही. आणि हातात वस्तरा हवा, म्हणजे समोर काहीतरी ठोस हवं. रिकाम्या हवेवर मन एकाग्र होत नाही. त्यासाठी ते प्रभूची प्रार्थना, दहा आज्ञा किंवा एखादं वचन घ्यायला सांगतात आणि त्याचे चार पदर करायला सांगतात: यातून मला काय शिकवलं जातंय, यासाठी मी कशाबद्दल आभार मानू, यात माझं कोणतं पाप उघडं पडतं, आणि आता मी काय मागू.

(त्याच वर्षी या पेटरच्या हातून नशेत आपल्याच जावयाचा खून झाला. ल्यूथर यांनी रदबदली केली, देहान्त टळला, हद्दपारी झाली. प्रार्थनेची रीत शिकलेला माणूस पडतच नाही, असं मला कुठेही सुचवायचं नाही.)

जॉर्ज म्युलर यांचं म्हणणंही याच्या जवळचं आहे. ब्रिस्टलमध्ये अनाथ मुलांसाठी काम करणारे आणि गरजा माणसांपुढे न मांडता देवापुढेच मांडणारे म्हणून त्यांची ख्याती. त्यांनी १८४१ मध्ये लिहून ठेवलं आहे की, निदान दहा वर्षं ते सकाळी उठल्यावर थेट प्रार्थनेला लागायचे आणि पुष्कळदा पहिली दहा मिनिटं, पाव तास, कधी अर्धा तास मन भरकटण्यातच जायचा. मग त्यांनी क्रम उलटा केला. आधी वचन वाचून त्यावर मनन, आणि त्यातूनच प्रार्थनेला वाट. म्युलर यांचंसुद्धा मन अर्धा अर्धा तास भटकायचं, हे वाचून मला जो दिलासा मिळाला तो कितीतरी प्रवचनांनी दिला नाही.

म्हणजे करायचं काय, ते एका स्तोत्रावर दाखवतो. स्तोत्र १३ घ्या. सहा वचनं, सावकाश वाचली तरी मिनिटभर. सुरुवातीलाच दावीद देवाला 'कोठवर?' असं चारदा विचारतो. कोठवर मला विसरणार, कोठवर मुख लपवणार. पहिला पदर, शिकवण: देवाला असं विचारता येतं. त्यासाठी आवाज गोड करावा लागत नाही. दुसरा, आभार: ही तक्रार कोणी पुसून टाकली नाही, ती उपासनेच्या गीतांत ठेवली गेली, म्हणून धन्यवाद. तिसरा, कबुली: माझ्या मनातलं हेच गाऱ्हाणं मी बहिणीला सांगितलं, मैत्रिणीला सांगितलं, नवऱ्याला तर रोज ऐकवलं, फक्त तुला सांगितलं नाही. चौथा, मागणं: तिसऱ्या वचनात दावीद 'माझ्या डोळ्यांना तेज दे' म्हणतो. रात्री तीनदा उठलेल्या आईला यापेक्षा नेमकं मागणं दुसरं कुठलं? तेवढंच मागा. मग पाचव्या वचनाकडे या. तिथे दावीद अचानक म्हणतो, मी तुझ्या दयेवर भरवसा ठेवला आहे. चौथ्या आणि पाचव्या वचनाच्या मध्ये काय घडलं? काहीही घडलेलं दिसत नाही. शत्रू गेला असं कुठे म्हटलेलं नाही. त्या दोन वचनांमधल्या जागेत थोडा वेळ नुसतं बसा. माझ्या मते प्रार्थनेतली बरीचशी कामं तिथेच होतात, आणि त्या वेळी आपल्याला बहुतेक काहीच जाणवत नसतं.

'काही जाणवत नाही' हे म्हणूनच मला फारसं काळजीचं वाटत नाही. इग्नेशियस लोयोला तर सांगून गेले आहेत की मन कोरडं असताना ठरलेल्या वेळेपेक्षा थोडं जास्तच बसावं, कारण तेव्हाच वेळ कापायचा मोह होतो. मी लोकांना एकच मिनिट सांगतो. घड्याळाकडे नजर गेली, उठावंसं वाटलं, तर आणखी एक मिनिट, मग उठा. आणि शब्दच सुचत नसतील तर प्रभूची प्रार्थना म्हणा. तीच तीच म्हणणं म्हणजे व्यर्थ बडबड, असं कोणी म्हणालं तर अटकेच्या आधी गेथशेमाने बागेत येशूने तिसऱ्यांदाही तेच शब्द बोलून प्रार्थना केली, हे मत्तयाने नोंदवलं आहे. तेही नाही जमलं तर रोमकरांस पत्रातला आठवा अध्याय आहे: कसं मागावं हे आपल्याला कळत नाही, तेव्हा आत्मा स्वतः अनिर्वाच्य कण्हण्याने आपल्यासाठी मध्यस्थी करतो. नुसतं कण्हणं चालतं.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगायची आहे. हा कोरडेपणा फक्त प्रार्थनेपुरता आहे का? की मुलाला जवळ घेतानाही काही वाटत नाही, बाळ झोपलं तरी झोप लागत नाही, आधी आवडणाऱ्या गोष्टी नकोशा झाल्या आहेत, कारण नसताना रडू येतं? तसं असेल तर जास्त प्रार्थना करा असं मी सांगणार नाही. डॉक्टरांकडे जा आणि घरात कोणाला तरी स्पष्ट सांगा. बाळंतपणानंतर येणारं नैराश्य हा आजार आहे, त्यावर उपचार आहेत, आणि तो विश्वास कमी असल्याचा पुरावा नाही. रतामाच्या झुडपाखाली 'आता पुरे झालं, मला मरण दे' म्हणणाऱ्या एलीया संदेष्ट्याला देवदूताने आधी खाऊ घातलं, पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खाऊ घातलं. होरेब डोंगरावरचं देवाशी झालेलं संभाषण त्यानंतरचं.

वहीबद्दलही सांगायला हवं, कारण रोज बसण्याचा फायदा मला सगळ्यात स्वच्छ तिथेच दिसला. साधी शाळेची वही. प्रत्येक वारी सात-आठ नावं, त्यापुढे तारीख आणि जागा मोकळी. जास्त लिहायचं नाही. काही वर्षांपूर्वी मंडळीच्या कमिटीतल्या एका गृहस्थाशी माझं कडाक्याचं वाजलं. चूक कोणाची होती ते सोडा, तेव्हा मला शंभर टक्के खात्री होती. एका मंगळवारी मी त्यांचं नाव वहीत घातलं, खरं सांगायचं तर देवाने त्यांना सरळ करावं म्हणून. पहिले चार मंगळवार माझी प्रार्थना एकच होती: 'यांना सुबुद्धी दे.' पाचव्या की सहाव्या मंगळवारी तेच वाक्य जिभेवर आलं आणि माझाच मला कंटाळा आला. दुसरं काय मागावं ते सुचेना, कारण या माणसाबद्दल मला काहीच ठाऊक नव्हतं. पुढच्या रविवारी उपासनेनंतर मी त्यांना विचारलं, घरी सगळे कसे आहेत. ते दोन क्षण माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी सांगितलं की पत्नीच्या डोळ्यांचं काहीतरी चाललंय, आणि एवढ्यात कोणाला सांगितलेलं नाही. पुढच्या मंगळवारी वहीत त्यांच्या नावापुढे 'डोळे' असा एक शब्द आला. आमचा वाद त्यानंतरही मिटला नाही, आजही त्या विषयावर आमचं जमत नाही. पण माझ्यासाठी ते वाद घालणारे गृहस्थ राहिले नाहीत. त्यांची पत्नी मला आता बरोबर आवाजावरून ओळखते.

हे एका बैठकीत झालं नसतं. सहा मंगळवार लागले, आणि त्यातले पाच वाया गेल्यासारखे दिसत होते.

वेळेचं म्हणाल तर पहाटच हवी असं नाही. इसहाक संध्याकाळी मनन करायला रानात गेला होता. ११९ व्या स्तोत्रातला भक्त रात्रीच्या प्रहरी जागा राहून वचनावर चिंतन करतो. तुमच्या दिवसात जे रोज नक्की घडतं त्याला प्रार्थना बांधा: मुलं झोपल्यानंतरची पहिली दहा मिनिटं, किंवा ऑफिसात पोचल्यावर काम सुरू होण्याआधीची. जागा एकच ठेवा. येशूने 'आपल्या खोलीत जाऊन दार लाव' म्हटलं, तिथला मूळ ग्रीक शब्द घरातल्या कोठीच्या खोलीसाठीही वापरला जायचा, जिथे सामान ठेवतात ती. तेव्हा खास देवघरासारखी खोली नाही ही सबब चालायची नाही. फोनवर शास्त्र वाचत असाल तर नोटिफिकेशन बंद करा. जमलं तर छापील प्रतच घ्या.

वाचनाचा मोठा बेत सध्या आखू नका. शास्त्रात १,१८९ अध्याय आहेत, वर्षात संपवायचे तर रोज तीन-चार अध्याय होतात. मॅक्चेन नावाच्या तरुण स्कॉटिश पाळकाने १८४२ मध्ये आपल्या मंडळीसाठी वर्षाचं जे वेळापत्रक आखलं त्यात तर नवा करार आणि स्तोत्रं दोनदा होतात. फार चांगलं आहे, मुलं मोठी झाली की करा. मी पाहिलेल्या बहुतेकांची गाडी उत्पत्ती आणि निर्गमातून झोकात निघते आणि लेवीयात चाकं रुततात. मग चुकलेल्या अध्यायांची थकबाकी साठते, आणि थकबाकीच्या भीतीने शास्त्र उघडणंच बंद होतं. थकबाकी भरायचीच नाही. तीन दिवस चुकले, तर चौथ्या दिवशी चौथ्या दिवसाचंच वाचायचं. रानात देव इस्राएल लोकांना रोज आकाशातून मान्ना नावाचं अन्न द्यायचा; उद्यासाठी साठवून ठेवलेल्या मान्न्यात किडे पडले. शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवसाचा मान्ना तेवढा टिकायचा, एरवी रोजचा रोज वेचायचा. आणि कालचा वेचला नाही म्हणून आज मिळाला नाही, असं कुठेच लिहिलेलं नाही.

आणि मध्येच मूल उठलं तर? उठणारच. तोंडातलं वाक्य अर्धं सोडा, 'आमेन' म्हणायचीही गरज नाही. त्याला मांडीवर घ्या आणि पुढचं वाक्य मोठ्याने म्हणा, त्याचं नाव घालून. माझ्या धाकट्या मुलीला 'आमची रोजची भाकर' ही ओळ कोणीही शिकवली नव्हती. माझ्या मांडीवर पेंगताना ती तिने ऐकलेली. तीन वर्षांची असताना एक दिवस मी डोळे मिटून त्याच ओळीपाशी अडकलो, डोक्यात मंडळीच्या हिशेबाचं काहीतरी शिरलं होतं. तेव्हा तिने माझ्या शर्टाची गुंडी ओढली आणि म्हणाली, "बाबा, पुढे 'आज आम्हांला दे.'"